त्यांच्या आईचे चित्र, आपल्या आईचे चित्र

अमेरिका म्हटले की आपल्या लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे बाबासाहेब जिथे शिकले ते न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, आणि दुसरी म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचा लढा. ब्लॅक पँथरवरून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, हे आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. पण त्याच देशात आणखी एक कष्टकरी समाज आहे. त्या समाजातल्या बायकांनी हातात ब्रश घेतला आणि सरकारला, मळेवाल्यांना आणि स्वतःच्या घरातल्या पुरुषांनाही प्रश्न विचारले. या बायकांविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. एम. ए. करताना एका शिक्षिकेने सुचवले म्हणून मी प्रकल्पासाठी त्यांच्या चित्रांचा विषय घेतला. चित्रे परक्या मुलखातली, नावे जीभ अडखळावी अशी. तरी ती बघताना आपल्याच घरातल्या कितीतरी गोष्टी मला नव्याने दिसू लागल्या. त्या वाचकांपुढे, विशेषतः माझ्या आयाबहिणींपुढे मांडाव्यात म्हणून हा लेख लिहीत आहे.

या बायकांना चिकाना म्हणतात. पुरुष तो चिकानो, बाई ती चिकाना. हे मूळचे मेक्सिकन लोक. १८४६ ते १८४८ या काळात अमेरिका आणि मेक्सिको यांचे युद्ध झाले. त्यात मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेने घेतला. कॅलिफोर्निया, टेक्सास हा सारा भाग तिकडे गेला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे घरातून हलली नाहीत, पण एका रात्रीत परक्या देशात जाऊन पडली. पुढे पोटासाठी आणखी माणसे सरहद्द ओलांडून येत राहिली. द्राक्षाच्या बागा, कपाशीची शेते, फळे डब्यात भरण्याचे कारखाने, कपडे शिवण्याचे कारखाने, हीच त्यांची कामाची ठिकाणे. शाळेत त्यांची भाषा बोलली की मुलांना मार पडत असे. चिकानो हा शब्दही आधी हिणवण्यासाठीच वापरला जाई. १९६० नंतरच्या चळवळीत तरुणांनी तोच शब्द छातीवर मिरवला. दलित या शब्दाचे आपल्याकडे काय झाले हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१९६५ साली कॅलिफोर्नियात डेलानो येथे द्राक्षमजुरांचा संप सुरू झाला. तो पाच वर्षे चालला. सीझर चावेझ हे त्याचे पुढारी म्हणून जगाला माहीत झाले. त्यांच्या बरोबरीने संघटना उभी करणारी डोलोरेस वेर्ता ही बाई मात्र बरीच वर्षे मागच्या रांगेत धरली गेली. १९६६ साली या मजुरांनी डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत पायी मोर्चा काढला. त्या मोर्चाच्या पुढे एक निशाण होते, ग्वादालुपेच्या मातेचे. मेक्सिकोत १५३१ साली टेपेयाकच्या टेकडीवर ही सावळी देवी एका आदिवासी माणसाला दिसली, अशी तिथली श्रद्धा आहे. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी त्याच टेकडीवर तिथल्या मूळच्या लोकांची तोनान्तसिन नावाची माता पुजली जात होती, असे सांगतात. म्हणजे जित्यांनी जुन्या देवीवर नवी देवी बसवली आणि हरलेल्यांनी नवीत जुनी शोधली. आपल्याकडे किती टेकड्यांवर हेच घडले आहे!

आता या देवीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. मान झुकलेली, नजर खाली, हात जोडलेले, अंगावर चांदण्यांचा निळा शेला, पायाखाली चंद्रकोर आणि पाठीमागे सूर्यकिरणांची प्रभावळ. ती चालत नाही, बोलत नाही, कुणाकडे डोळे वर करून बघत नाही. मेक्सिकन घरात मुलगी जन्माला आली की तिच्यापुढे हाच आदर्श ठेवला जातो: सोसावे, माफ करावे आणि उभे राहावे.

१९७८ साली योलांडा लोपेझ या चित्रकर्तीने या देवीच्या जागी तीन बायका रंगवल्या. पहिली ती स्वतः. पायांत पळायचे बूट, मांड्यांपर्यंत उडालेला झगा, एका हातात साप आणि दुसऱ्या हातात तोच चांदण्यांचा शेला. ती प्रभावळीतून हसत हसत बाहेर धावत सुटली आहे. दुसरी तिची आजी. हातात सोललेल्या सापाची कातडी आणि सुरी घेऊन म्हातारी शांत बसली आहे, आयुष्याचे काम उरकून बसावे तशी. तिसरी तिची आई. तिने आयुष्यभर मशीनवर कपडे शिवून घर चालवले होते. डोळ्यांवर चष्मा लावलेली, अंगाने भरलेली ही बाई शिलाई मशीनवर वाकली आहे, आणि मशीनच्या सुईखाली देवीचा तोच चांदण्यांचा शेला आहे. देवी जो पांघरते तो शेला शिवणारी बाई हीच. प्रभावळ आता तिच्यामागे आहे.

हे तिसरे चित्र मी मोबाईलवर आईला दाखवले. आमची आई गेली वीस वर्षे घरी फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवते. वडील गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत. फौंड्रीला सुट्टी असली तरी आईच्या मशीनला नसते. आईने चित्र बराच वेळ बघितले. मग म्हणाली, "मशीन काळं जुन्या पद्धतीचं हाय. पण पाठीमागं हे किरण कशापायी? बाई कामाला बसलीया की."

मी म्हणाले, "आई, म्हणूनच किरण आहेत."

आई हसली आणि म्हणाली, "आमच्या पाठीमागं नुसती विजेच्या बिलाची काळजी असतीया." हसून ती पुन्हा मशीनला लागली. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना तिने माझ्याकडून तेच चित्र पुन्हा मागवून दाखवले.

यानंतर मी हा विषय आमच्या विहारात महिला मंडळापुढे मांडला. रविवारच्या वंदनेनंतर दहा-बारा बायका थांबल्या होत्या. चित्रे बघून झाल्यावर एका ज्येष्ठ मावशींनी रोखठोक विचारले, "बाई, चित्र चांगलं आहे. पण शेवटी देवीच ना? आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. देवदेवता मानणार नाही म्हणून शपथ घेतली, आणि तू आम्हाला विहारात देवी दाखवतेस?"

प्रश्न योग्य होता. अशा प्रश्नाला गुळमुळीत उत्तर चालत नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. त्याचे उत्तर मला सापडले ते असे.

संस्कृती म्हणजे बापजाद्यांनी बांधून दिलेले गाठोडे, ते न सोडता तसेच डोक्यावर घेऊन चालायचे, असे आपल्याला शिकवले जाते. बाबासाहेबांनी ते गाठोडे उघडले. त्यातले काय जाळायचे हे त्यांनी १९२७ साली महाडला दाखवले. काय जपायचे हे १९५६ साली नागपूरला दाखवले. बुद्धही याच मातीतला होता, पण तो आपल्यापासून लपवला गेला होता. म्हणजे संस्कृती निवडावी लागते, आणि निवडण्याचा अधिकार तिचे ओझे वाहणाऱ्यांना आहे. चिकाना बायकांनी तेच केले, पण त्यांचा रस्ता वेगळा. त्या देवीला सोडून गेल्या नाहीत. त्यांनी देवीच्या चौकटीतून देवी उठवली आणि तिथे राबणारी बाई बसवली. आपण चौकटच सोडली. त्यांचा रस्ता आपला होऊ शकत नाही, आणि त्याची गरजही नाही. पण त्यांचा प्रश्न आपलाही आहे: चौकटीत कोण आहे, आणि चौकटीबाहेर कोण राहिले?

त्यांच्या चळवळीतही हा प्रश्न सहज सुटला नाही. सुरुवातीच्या काळात चिकानो पुरुषांनी भिंतीच्या भिंती रंगवल्या. जुने राजे, क्रांतिकारक, मजूर पुढारी त्यात आले. बाई आली ती बहुधा आई म्हणून, देवी म्हणून किंवा लढवय्याच्या पाठीशी उभी राहिलेली प्रेयसी म्हणून. बायकांनी भिंती मागितल्या तर ‘परातीवर चढून काम तुम्हाला झेपेल का’ असा सूर निघे. बाईचे प्रश्न पुढे केले की समाजात फूट पाडते, गोऱ्या बायकांचे ऐकून बोलते, असा आरोप होई. तेव्हा १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये काही तरुणींनी मिळून ‘मुहेरेस मुरालिस्तास’, म्हणजे भित्तिचित्र काढणाऱ्या बायका, असा गट केला आणि स्वतः परातीवर चढून मोठमोठ्या भिंती रंगवल्या. त्यांच्या भिंतीवर बाजार आला, स्वयंपाक आला, लेकरे आली, शेतात राबणाऱ्या बायका आल्या. लॉस एंजेलिसमध्ये जुडी बाका हिने १९७६ पासून पूर वाहून नेणाऱ्या एका सिमेंटच्या कालव्याची भिंत घेतली. शेकडो मुलामुलींना हाताशी धरून, काही वर्षांत, अर्धा मैल लांबीचा त्या प्रदेशाचा इतिहास तिने तिथे रंगवला. पुस्तकात ज्यांना जागा नव्हती त्या सगळ्यांना त्या भिंतीवर जागा मिळाली.

विरोध बाहेरून झाला तसा घरातूनही झाला. अल्मा लोपेझ या दुसऱ्या चित्रकर्तीने १९९९ साली ग्वादालुपेचे चित्र आपल्या पद्धतीने केले. २००१ साली ते सांता फे येथील संग्रहालयात लागले तेव्हा धर्मगुरूंनी आणि तिच्याच समाजातल्या लोकांनी ते काढून टाका म्हणून मोठा गदारोळ केला. आमची माता आहे, हात लावू नका, असे म्हणणारे पुष्कळ होते. आमची माता आहे म्हणूनच आम्ही तिच्याशी बोलणार, असे त्या बायकांचे म्हणणे होते.

हे वाचताना मला बाबासाहेबांचा एक निबंध आठवला. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. जात टिकते कशी, याचे उत्तर त्यांनी बाईच्या बंधनात शोधले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी जातीची कुंपणे शाबूत ठेवण्यासाठी आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणून आधी बाईला बांधले पाहिजे. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी हे सूत्र खोटे ठरलेले नाही. हा निबंध मी आधीही वाचला होता. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. पण चिकाना चित्रे पाहिल्यावर मला तो जातीबरोबरच संस्कृतीचाही निबंध वाटू लागला. समाजाची इभ्रत, परंपरा, मर्यादा असे सगळे सामान बाईच्या अंगावर ठेवून तिला सांभाळायला सांगितले जाते. ती हलली की सगळे म्हणतात, संस्कृती बुडाली.

बाबासाहेबांना हे सामान दिसत होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाल्यावर त्यांनी तिथे जमलेल्या बायकांशी वेगळे भाषण केले. लुगडे नेसण्याची जी पद्धत तुमच्यावर अस्पृश्यतेची खूण म्हणून लादली आहे ती सोडा, गळ्यापासून कोपरापर्यंतचे ते कथलाचे दागिने सोडा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी बायका नव्या पद्धतीने लुगडे नेसून आल्या. मला विचाराल तर आपल्या समाजातले पहिले मोठे चित्र तेच. त्याला कागद लागला नाही की रंग लागला नाही. बायकांनी स्वतःच्या अंगावरच ते काढले आणि हजारो लोकांनी ते पाहिले. पुढे २० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या आणि वीस-पंचवीस हजार बायका जमल्या होत्या. या बायकांच्या आठवणी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढले. पण महाडच्या त्या बायकांचे चित्र आपल्यापैकी किती घरांत आहे? आपल्या घरात रमाईचे चित्र असते, आणि ते असायलाच हवे. पण त्या चित्रात रमाई बहुधा डोक्यावर पदर घेऊन बाबासाहेबांच्या शेजारी बसलेली असते. परळच्या चाळीत राहून गोवऱ्या थापणारी, त्या विकून संसार ओढणारी, लेकरांची दुखणी एकटीने काढणारी रमाई आपण भाषणात सांगतो, पण भिंतीवर लावत नाही.

आमचे कोल्हापूर म्हणजे कलापूर. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांचे हे गाव. बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे १९५० साली, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच, बसवले गेले. त्यासाठी पुढाकार घेणारे भाई माधवराव बागल स्वतःही चित्रकार होते. याच गावात १९२० साली बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला आणि त्यात बाईची भूमिका बायकांनी केली. त्याआधी ती कामे बहुतेक पुरुषच करत. पडद्यावर उभ्या राहिलेल्या त्या बायकांना समाजाने वाईट नजरेने बघितले. चित्रात बाई चालते, चित्र करणारी बाई चालत नाही, हे आमच्या कलापुरातही होतेच.

आता एक घरची गोष्ट सांगते. ती सांगावी की नाही यावर घरात चर्चा झाली. आज्जी म्हणाली, "सांग. मी हाय तवरच सांग."

माझ्या आज्जीची धाकटी बहीण, आम्ही तिला माई म्हणायचो, यल्लम्माला सोडलेली होती. लहानपणी डोक्यात जट झाली. खरे म्हणजे जट होते ती केस न धुतल्याने, न विंचरल्याने, तेलमळ साचून. पण गावातल्या जाणत्यांनी देवीचे बोलावणे आले म्हणून सांगितले. आईबाप गरीब. सौंदत्तीला नेऊन पोरीच्या गळ्यात मोती बांधले. त्यावेळी तिचे वय दहा-अकरा. पुढचे आयुष्य डोक्यावर जग, हातात परडी आणि दारोदार जोगवा. तिच्या देहाची मालकी कुणाकुणाची झाली हे आज्जी कधी उघड बोलली नाही, आणि आम्हीही विचारले नाही. दरवर्षी मार्गशीर्षात रांडाव पुनवेला या बायकांच्या बांगड्या फोडतात. ज्या पोरीचे माणसाशी लग्नच लागले नाही, तिला दरवर्षी विधवा व्हावे लागते.

हे थांबवायचा कायदा नव्हता असे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० सालीच आपल्या संस्थानात देवाला मुली सोडण्याच्या चालीविरुद्ध कायदा केला होता. मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात पुन्हा नवा कायदा २००५ साली. १९७० नंतर गडहिंग्लज, निपाणी या भागात देवदासी निर्मूलनाची चळवळ उभी राहिली, परिषदा झाल्या, मोर्चे निघाले. माईच्या वेळी कायदा कागदावर होता, पण त्या कागदाची वाट तिच्या गावापर्यंत आली नव्हती. आणि हेही लक्षात ठेवले पाहिजे की देवीला सोडलेल्या मुली बहुतेक आपल्याच जातीतल्या. वरच्या जातीच्या घरात जट झाली तर वैद्य येई. आमच्या घरात झाली तर देवी येई.

आज्जीच्या सासरी धम्मदीक्षा झाली तेव्हा घरातले देव्हारे निघाले, टाक निघाले, परड्या निघाल्या. चांगलेच झाले. पण त्याच वेळी माईचा एक फोटो होता, डोक्यावर जग घेतलेला, जत्रेत काढलेला, तोही ट्रंकेच्या तळाशी गेला. पाहुण्यांत तिचे नाव निघेनासे झाले. लग्नाच्या पत्रिकेत ती कुणाची मावशी, कुणाची आत्या नव्हती. म्हातारपणी ती आमच्याकडे राहिली, आम्हा नातवंडांची वेणीफणी तिने केली, आणि गेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगताना ‘लांबची नातेवाईक’ एवढेच सांगितले जाई.

नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी देवदासींवर चित्रांची मालिका केली आहे. त्यातली चित्रे बघायला सुखाची नाहीत. डोळे मोठे, अंग पिळवटलेले, रंग अंगावर येणारे. ती चित्रे आणि योलांडा लोपेझची चित्रे मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा महिला मंडळातल्या मावशींच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते पुरे झाले. आपण देवी टाकली हे बरोबरच केले. पण देवीला सोडलेली पोर म्हणजे देवी नव्हे. ती आपली बहीण होती. देव्हारा बाहेर काढताना आपण तिलाही नजरेआड केले, कारण तिच्याकडे पाहिले की आपल्याला लाज वाटत होती. ती लाज तिची नव्हती, आपलीही नव्हती. ज्यांनी ही चाल चालवली आणि तिचा उपभोग घेतला, लाज त्यांची होती. चिकाना बायकांनी चौकटीतून देवी उठवून आई बसवली. आपल्याकडे चौकट रिकामी झाली, पण आपल्या आया अजून ट्रंकेतच आहेत.

आणखी एका चित्राबद्दल लिहिले पाहिजे, कारण ते आपल्या भागाशी अगदी जवळचे आहे. एस्टर हर्नांडेझ ही शेतमजुरांच्या घरातली मुलगी. तिच्या गावाकडचे पाणी द्राक्षबागांवर मारलेल्या औषधांनी दूषित झाल्याचे तिला कळले. अमेरिकेत मनुकांच्या एका प्रसिद्ध खोक्यावर टोपी घातलेली, हातात द्राक्षाची टोपली घेतलेली हसरी मुलगी छापलेली असते. हर्नांडेझने १९८२ साली तेच खोके रंगवले, तीच टोपी, तीच टोपली, पण मुलीच्या जागी हाडांचा सापळा. खाली औषधांची नावे. चित्राचे नाव ‘सन मॅड’. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात तासगावचा बेदाणा सगळीकडे जातो. माझी एक मावशी त्या भागात बागेत विरळणीला, डिपिंगला जाते. सकाळी औषध मारलेल्या वेलीत दुपारी हात घालावा लागतो. हाताची सालपटे निघतात. बेदाण्याच्या खोक्यावर तिचे चित्र नसते. मावशीला मी ‘सन मॅड’ दाखवले तेव्हा ती म्हणाली, "हे तर आमचंच हाय." हजारो मैलांवरचे चित्र तिला कुणी समजावून सांगावे लागले नाही. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांचा लढाही असाच. त्यावर १९८२ साली ‘तंबाखू चाकिला उब आली’ हा माहितीपट निघाला. त्यात त्या बायका स्वतःच्या तोंडाने बोलतात. अशा गोष्टी आपल्या पोरींनी शाळेत बघितल्या पाहिजेत.

पुरुष बांधवांना वाटेल की हा सगळा बायकांचा विषय. तसे नाही. कार्मेन लोमास गार्सा या चित्रकर्तीने १९८८ साली आपल्या घरच्या स्वयंपाकघराचे चित्र काढले. सणासाठी तामाले नावाचा पदार्थ करायला सगळे घर बसले आहे. त्यात आजोबाही आहेत, नातवंडांना कसे करायचे ते दाखवत आहेत. चित्रात घोषणा नाही, भांडण नाही. पण मी वडिलांना ते दाखवले तेव्हा ते म्हणाले, "जयंतीला आम्ही शंभर माणसांचा भात करतो की." मी म्हणाले, "बाबा, जयंती वर्षातून एकदा असते." त्यावर ते काही बोलले नाहीत. हल्ली रविवारी सकाळचा चहा तेवढा ते करतात. ही मोठी क्रांती आहे असे मी म्हणत नाही. पण आईला त्या वेळेत एक ब्लाऊज जास्त शिवता येतो की थोडे निजता येते, हे तिचे ती ठरवते.

यंदाच्या भीमजयंतीला आमच्या विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर चित्रे काढायचे ठरले. दरवर्षी पोरे काढतात, यंदा आम्ही मुलींनी एक भिंत मागितली. मिळाली. आम्ही महाडच्या बायका काढल्या, १९४२ च्या नागपूरच्या परिषदेच्या बायका काढल्या, गोवऱ्यांची पाटी घेतलेली रमाई काढली, सावित्रीबाई आणि फातिमा शेख काढल्या. एका कोपऱ्यात शिलाई मशीनवरची बाई काढली. ती कोण म्हणून सगळ्यांनी विचारले. कोणाचीही आई, असे आम्ही सांगितले. शेवटच्या जागेत जोगतीण काढावी असे मी सुचवले. डोक्यावरचा जग खाली ठेवून पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली. यावर मात्र बैठकीत वाद झाला. ‘जे सोडून आलो ते भिंतीवर कशाला? बाहेरची माणसे बोट दाखवतील,’ असे काही ज्येष्ठांचे म्हणणे पडले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्यांनी गावकीचे हाल सोसले त्यांना ते पुन्हा डोळ्यांपुढे नको असते, हे मी समजू शकते. तेव्हा आज्जी उठली. ऐंशीच्या घरातली बाई, कधी सभेत बोललेली नाही. म्हणाली, "बोट दाखवत्यात तर दाखवू देत. माझ्या भनीला सोडली तवा बी लोकांनी बोट दाखवलं न्हाई, हात जोडलं. त्यापरीस बोट बरं."

सभा गप्प झाली. निर्णय मात्र झाला नाही. ती जागा अजून पांढरीच आहे, पुढच्या बैठकीत विषय पुन्हा यायचा आहे. आम्ही मुलींनी ठरवले आहे की तिथे दुसरे काही काढायचे नाही. घरी माईचा फोटो ट्रंकेतून निघाला. वडिलांनी चौकट करून आणली. बुद्ध-बाबासाहेबांच्या खाली, आजोबांच्या शेजारी तो लागला आहे, आणि कुणी विचारले तर ‘आमची माई, आज्जीची सख्खी बहीण’ असे सांगितले जाते.

आज आपल्या समाजातल्या मुली चित्रकलेत येत आहेत. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांनी दलित आत्मकथनांतल्या अन्नाच्या आठवणी घेऊन काम केले आहे. बिहारच्या मालविका राज यांनी मधुबनी शैलीत रामायणाऐवजी बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे जीवन रंगवले आहे. बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, उर्मिला पवार यांनी शब्दांत जे केले, ते आता रंगांत होऊ लागले आहे. ज्या आईवडिलांची मुलगी वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढते, त्यांनी तिला ‘अभ्यास सोडून काय करतेस’ म्हणण्यापूर्वी ती काय काढते आहे ते एकदा बघावे, अशी माझी विनंती आहे. चित्रकलेची परीक्षा, रंगाची पेटी, जुन्या पोस्टरची कोरी पाठ एवढ्यातही सुरुवात होते.

आणि आणखी एक विनंती. येत्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होईल तेव्हा एक दिवस महिला मंडळांनी वेगळा ठेवावा. प्रत्येकीने आपल्या घरातल्या अशा एका बाईचे नाव आणि काम सांगावे, जिचे नाव घरात घेतले जात नाही. मोलकरीण असेल, कचरा वेचणारी असेल, टाकलेली असेल, देवीला सोडलेली असेल. मुलींनी ते वहीत लिहून घ्यावे. ज्यांच्याकडे फोटो असेल त्यांनी तो बरोबर आणावा. फोटो नसेल तर आम्ही मुली ऐकून चित्र काढू.

जयभीम.